हात तोच, अवजार दुसरे

1961 साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो उभा राहिला. डाय-कास्टिंगच्या यंत्रातून तापलेले भाग काढून बाजूला ठेवणे, एवढेच त्याचे काम. आज त्याच जातीचा हात सकाळी पत्रा उचलतो, नंतर स्पॉट वेल्डिंग करतो आणि त्याच सेलमध्ये सीलंटची रेघही ओढतो. या प्रत्येक कामाला वेगळे अवजार लागते. रोबोचे मनगट आणि अवजार यांच्या मध्ये बसणारी झटपट जोडणी, म्हणजे शॉपवरच्या भाषेत टूल चेंजर, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे. यंत्ररचना, हवा, वीज, नेटवर्क आणि सुरक्षितता ही सगळी शास्त्रे इथे तळहाताएवढ्या जागेत एकत्र नांदतात, म्हणून मला तो विशेष प्रिय आहे.

झटपट बदलाचा विचार मात्र प्रेसशॉपमध्ये रुजला. 1969 साली टोयोटात 1000 टनी प्रेसची डाय बदलायला 4 तास लागत. शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे 3 मिनिटांवर आला. यंत्र चालू असताना बाहेर करून ठेवता येईल ते काम यंत्र थांबवून करायचे नाही, हे त्यामागचे सूत्र. टूल चेंजरमध्ये तेच सूत्र धातूत उतरलेले दिसते. मास्टर प्लेट रोबोच्या फ्लँजवर कायम बसलेली असते आणि प्रत्येक अवजाराला स्वतःची टूल प्लेट असते. त्या प्लेटवर हवेच्या नळ्या, केबल, पाण्याचे होज सगळे आधीच जोडून अवजार स्टँडवर तयार असते. रोबोने येऊन फक्त लॉक करायचे.

नव्या डिझायनरचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती किलो?’ असा असतो. तो अपुरा आहे. भरलेली कळशी अंगाशी धरली तर चालते, हात लांब करून धरली की मनगट भरून येते; वजन मात्र तेवढेच असते. समजा, 60 किलोची वेल्डिंग गन आहे, तिचा गुरुत्वमध्य प्लेटपासून 300 मिलिमीटर पुढे आहे आणि हात आडवा आहे. नुसत्या स्थिर अवस्थेत जोडणीवर सुमारे 177 न्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. आता एमर्जन्सी स्टॉप दाबला गेला आणि ब्रेकमुळे वजनाच्याच दिशेने गुरुत्वाच्या दुप्पट त्वरणाएवढा भार वाढला, तर तोच मोमेंट 530 च्या घरात जातो. कॅटलॉगमधला किलोचा आकडा पाहून निवडलेली जोडणी इथे कमी पडते. शिवाय चेंजरचे स्वतःचे वजन रोबोच्या पेलोडमधून वजा होते आणि त्याची उंची अवजाराला आणखी पुढे ढकलते. म्हणून इथे जाडीचा एकेक मिलिमीटर भांडून मिळवावा लागतो.

आता लॉक जवळून पाहू. बऱ्याच स्वयंचलित चेंजरमध्ये मास्टर प्लेटच्या पोटात हवेवर चालणारा पिस्टन असतो आणि त्याच्या टोकाला कॅम. पिस्टन पुढे सरकला की कॅम कडक पोलादाचे बॉल बाहेर ढकलतो. ते टूल प्लेटमधल्या कड्याच्या उतरत्या पृष्ठाखाली शिरतात आणि तिला वर ओढून घट्ट बसवतात. पण हवा गेली तर? नळी फुटू शकते, कॉम्प्रेसर बंद पडू शकतो. अवजाराचे वजन तेव्हा बॉलना आत ढकलू पाहते. चांगल्या रचनेत अशा वेळी बॉल कॅमच्या ज्या भागावर टेकतात तो सरळ दंडगोल असतो किंवा किंचित उलट्या उताराचा. त्यामुळे वजनाने कितीही दाबले तरी पिस्टन मागे सरकत नाही. अवजार जरासे सैल होईल, पण खाली पडणार नाही. काही रचनांत जोडीला स्प्रिंगही असते. कॅमवरच्या उताराच्या त्या छोट्याशा बदलावर खाली काम करणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून आहे. या क्षेत्रातले सर्वात सुंदर डिझाइन मला तिथे दिसते.

जागा धरण्याचे काम लोकेटिंग पिनांचे. जिग-फिक्स्चर केलेल्यांना हे नवे नाही. नवखे लोक विसरतात तो कोनातला प्ले. प्लेटवर अवघा 0.02 अंशाचा प्ले असेल, तर 500 मिलिमीटर लांबीच्या अवजाराच्या टोकाशी चूक 0.17 मिलिमीटरपर्यंत जाते.

लॉकइतकाच अवघड प्रश्न जोडणीतून पलीकडे न्यायच्या गोष्टींचा आहे. वेल्डिंग गनला थंड करणारे पाणी जोडणी सुटताच आपोआप बंद झाले पाहिजे, नाहीतर थेंब शेजारच्या विजेच्या पिनांवर जातात. विजेच्या पिना चालू करंटमध्ये तोडल्या तर ठिणगी पडते आणि त्या जळतात, म्हणून आधी करंट बंद, मग अनलॉक. वेल्डिंगचे शिंतोडे तर सगळीकडेच उडतात. सिग्नल नेटवर्कवरून जात असेल, तर नवे अवजार जोडल्यावर त्याची कंट्रोलरशी ओळख व्हायलाही वेळ लागतो. लॉक होऊनही रोबो सेकंदामागून सेकंद वाट पाहत उभा राहिला, तर झटपट शब्दाला अर्थ उरत नाही. प्रोफिनेट या औद्योगिक नेटवर्कमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय अशाच गरजेतून आली, तिच्यात हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आणता येतो.

सोडण्याच्या क्षणाची काळजी धरण्याइतकीच घ्यावी लागते. अवजार स्टँडवर बसले आहे असे सेन्सरने सांगितल्याखेरीज अनलॉकचा व्हॉल्व्ह उघडता कामा नये. ही अट फक्त प्रोग्रामच्या एका ओळीवर सोडू नये, कारण मेंटेनन्सच्या घाईत माणूस ती ओळ सहज ओलांडतो. सुरक्षा-सर्किटमध्येच ती असली पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

रोबोच्या बाजूच्या फ्लँजला आयएसओ 9409-1 हे मानक आहे. लहान कोबॉटवर हमखास दिसणारे 50 मिलिमीटरचे पिच सर्कल आणि 4 एम6 बोल्ट त्यातलेच. मास्टर प्लेट आणि टूल प्लेट जिथे एकमेकींना भिडतात त्या पृष्ठाला मात्र असे सर्वमान्य माप नाही. एका कंपनीची टूल प्लेट दुसरीच्या मास्टरवर सहसा बसत नाही. त्यामुळे पहिला चेंजर घेतानाच कारखाना पुढच्या कित्येक अवजारांसाठी एका पुरवठादाराशी बांधला जातो. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात एक-दोन रोबो घेऊन काम करणाऱ्या छोट्या उद्योजकाला हा खर्च जड जातो. त्याच्यासाठी हाताने लीव्हर फिरवून लॉक होणारी, हलकी, स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवता आणि दुरुस्त करता येईल अशी जोडणी तयार करणे हे सोपे काम नाही. कडक केलेले कडे, घासलेल्या पिना, बदलता येणारे सील आणि चुकून अर्धवट फिरलेला लीव्हर लगेच दिसेल अशी खूण, एवढे सगळे परवडणाऱ्या किमतीत बसवावे लागते. पुढची प्रकरणे वाचताना हा उद्योजक डोळ्यासमोर ठेवा, आणि सुरुवात मोमेंटच्या प्रकरणापासून करा. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.