चाकावरचा पत्रा: जपानी ओव्हरफेंडरची गोष्ट

गाड्यांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा इंजिनापासून सुरुवात करतो. आज मात्र चाकावरच्या पत्र्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत मडगार्डकडे बघू या.

आधी साधा हिशेब. शर्यतीत पकड हवी, म्हणून रुंद टायर घालतात. पण वळणावर गाडी कलते, सस्पेन्शन दबतं आणि टायर मडगार्डच्या कडेला घासतो. थोडीच जागा हवी असेल तर ती कड आत दुमडून भागतं. जास्त हवी असेल तर पत्रा कापून वर रुंद कमान जोडावी लागते. हाच ओव्हरफेंडर.

आता 1969 सालच्या जपानमध्ये जाऊ. निसानने स्कायलाइन जीटी-आर बाजारात आणली, ती शर्यतीवर डोळा ठेवूनच. साध्या स्कायलाइनच्या मागच्या बाजूला पत्र्यात एक ठळक घडी होती, तिला 'सर्फ लाइन' म्हणत. तिच्याखाली मागचं चाक वरून थोडं झाकलेलं असे. जीटी-आरमध्ये ही कमान वर कापली आणि घडी मधेच तुटली. 1970 मध्ये दोन दारांची जीटी-आर आली, तिला तर कारखान्यातूनच मागे काळे ओव्हरफेंडर होते. रुंदी 1,610 वरून 1,665 मिलिमीटर झाली. 1971 च्या फेअरलेडी 240झेडजीची रुंदी होती 1,690.

हे आकडे नीट बघा. त्या काळी जपानमध्ये छोट्या गाडीच्या वर्गाला रुंदीची मर्यादा होती 1,700 मिलिमीटर. ती ओलांडली की गाडी मोठ्या वर्गात जायची आणि वार्षिक कर कितीतरी वाढायचा. म्हणजे कमान किती फुगवायची, हे टायरइतकंच कर खात्याच्या नियमावरही ठरत होतं.

1971 पासून फुजी स्पीडवेवर ग्रँड चॅम्पियन मालिका सुरू झाली. ती बघायला येणारी पोरं आपल्या जुन्या गाड्यांना शर्यतीच्या गाड्यांसारख्या कमानी ठोकून येऊ लागली. त्यांना 'ग्राचान' म्हणू लागले. पुढे सरकारने निर्बंध आणले. 1970 च्या दशकाच्या मध्यास नव्या गाड्यांवरून ओव्हरफेंडर दिसेनासे झाले आणि रस्त्यावरच्या फुगीर कमानीकडे पोलीस संशयाने बघू लागले.

इथे आपण थोडं थांबू या. कारखान्याने पत्रा कापला तेव्हा ते तंत्रज्ञान ठरलं, गल्लीतल्या पोराने कापला तेव्हा गुन्हा. सरकारची काळजी खोटी नव्हती. बाहेर आलेलं चाक आणि कच्ची जोडणी पादचाऱ्याला घातक ठरू शकते. पण त्या पोराने ती कमान कुठे पाहिली होती? शोरूममध्येच ना! बंदीचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, एवढंच आपलं म्हणणं.