पाढ्यांचा ठेका

बंगळूरच्या मराठी घरांतील मुलाच्या कानावर पाढ्यांच्या दोन चाली पडतात. कन्नड शाळेत तो 'मग्गी' म्हणतो : एरडोंद्ल एरडु, एरडेरड्ल नाल्कु. घरी वडीलधारी माणसे त्याच्याकडून 'बे एके बे, बे दुणे चार' वदवून घेतात. विजापूर दरबाराने शहाजीराजांना बंगळूरची जहागीर दिली ती १६३८ च्या सुमारास; दोन भाषांच्या हिशेबांचा हा शेजार तेव्हापासूनचा मानावयास हरकत नाही.

या शेजाराचे बोलके वर्णन मात्र बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या बळ्ळारी जिल्ह्याचे आहे. मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२२ साली देशी शाळांची माहिती मागविली. बळ्ळारीचे कलेक्टर कॅम्बेल यांनी १८२३ मध्ये धाडलेल्या अहवालात ५३३ शाळा मोजल्या आहेत. त्यांत २३५ कानडी, २२६ तेलुगू आणि २३ मराठी. वाळूवर अक्षरे गिरविणारी ही मुले दिवसातून दोनदा रांगा धरून उभी राहत आणि एका पुढारी मुलामागून बेरजेची, गुणाकाराची, वजनामापांची व अपूर्णांकांची कोष्टके म्हणत. मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याची रीत इंग्लंडने उचलली ते उचितच झाले, असेही कॅम्बेल लिहितात. याच अहवालात पोपटपंचीचा ठपकाही आहे. पण तो अर्थ न कळता पाठ केलेल्या कवितांवर आहे, पाढ्यांवर नाही. घोकंपट्टीच्या नावाने पुढे बोटे मोडणाऱ्यांनी हा भेद क्वचितच ध्यानात घेतला.

पाढ्यांना अर्थ होता तो बाजाराचा. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, आणि अपूर्णांक दहाच्या नव्हे तर चाराच्या पटीने उतरणारे. म्हणून पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. कागद महाग आणि गिऱ्हाईक समोर उभे, तेव्हा उत्तर जिभेवरच हवे. उभे राहून, अंग डोलवीत, एका सुरात म्हटलेले आकडे हाच खरा वहीखाता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर-मण गेले, आणि औटकीला कोणी विचारीनासे झाले.

मूळ पाढे राहिले. पण २०१९ मध्ये त्यांतील शब्दांवरूनच महाराष्ट्रात वादळ उठले. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन आले. एकक आधी आणि दशक नंतर, शिवाय जोडाक्षरे, यांत मुले अडखळतात, अशी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका होती. विरोधकांना भाषेचा नाद हरवेल असे वाटले. बंगळूरच्या मुलाला यात नवल वाटू नये. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस आणि एक. तरीही 'एळमूर्ल इप्पत्तोंदु' चा ठेका कोठे अडत नाही. नाद संख्यानामांच्या क्रमावर अवलंबून नाही. मराठी पाढ्याचा नाद आहे तो गुणकांच्या नावांत : दुणे, त्रिक, चोक, सक. 'तेरा आठे चारोदरसे' मधला 'चारोदरसे' म्हणजे शंभरावर चार, जुन्या 'उत्तर' शब्दाची खूण. हे शब्द मराठीत पाढ्याबाहेर फारसे भेटत नाहीत. मुलांनी यंत्रावर बोटे चालवून उत्तर काढले तर गणिताचे फार बिघडणार नाही. या शब्दांना मात्र दुसरे घर नाही.

ज्या शहरात संध्याकाळी मुले कर्नाटक संगीत शिकावयास जातात, तेथे शरीराने मोजणे अद्याप जिवंत आहे. आदितालाच्या आठ मात्रा हातावर चालतात : एक टाळी, करंगळी, अनामिका, मध्यमा, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. त्याच आवर्तनात स्वर पहिल्या काळात मात्रेला एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार बसतात. याला कोणी गुणाकार म्हणत नाही, पण आहे तो गुणाकारच. हे पाठ पुरंदरदासांनी घालून दिले असे परंपरा मानते. त्यांचे जन्मस्थान पुण्याजवळचा पुरंदर की कर्नाटक, हा वाद दोन्ही भाषक आवडीने घालतात. सात ताल आणि प्रत्येकाच्या पाच जाती. मराठी घरातला मुलगा 'सात पंचे पस्तीस' म्हणून ताल मोजतो, शेजारी बसलेला सोबती 'एळैद्ल मूवत्तैदु' म्हणतो, आणि गुरुजी दोघांनाही पुन्हा पहिल्या टाळीवर आणतात.