दोन्ही पदे प्रधान

मंडळी, द्वंद्व समासाची व्याख्या आठवते का? ज्या समासात दोन्ही पदे अर्थाच्या दृष्टीने सारख्याच महत्त्वाची असतात तो द्वंद्व समास. आईवडील, भाऊबहीण, मीठभाकरी. शाळेत शिकवताना मी या यादीत ‘बाळ-बाळंतीण’ही घालायचे. पूर्वी घरी तार यायची तीसुद्धा ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ अशीच. (तार २०१३ साली बंद झाली, वाक्य मात्र आता मोबाईलवर जसंच्या तसं येतं!)

हल्ली बाळंतपणाच्या शुश्रूषेचा इतिहास थोडाफार वाचत होते. वाचता वाचता वाटलं, हा सगळा इतिहास या एका समासाचाच आहे. कधी एक पद विसरलं गेलं, कधी दुसरं, कधी दोघांची ताटातूट झाली. आणि दोन्ही पदं एकत्र सांभाळायचं काम ज्यांनी केलं, त्या सुइणी आणि नर्सेस इतिहासाच्या पुस्तकात फारशा भेटत नाहीत.

जुन्या घरांत समास शाबूत होता. अंधारी खोली, बाज, खाली शेगडी, वावडिंगाचं पाणी, अळिवाची खीर, आणि बाळ आईच्या कुशीत. सुईण दोघांनाही न्हाऊमाखू घालायची. पण या चित्राला नुसतं गोड म्हणून चालणार नाही. नाळ कापायला घरात असेल ते पातं घ्यायचे आणि आठवड्याच्या आत बाळ धनुर्वाताने जायचं. चीक वाईट म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. बाळंतिणीला ताप भरला तर नशीब. दहा दिवस सोयर, त्यामुळे घरातली इतर माणसं खोलीत पाऊल टाकत नसत. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे त्या अमेरिकेत १८८६ साली डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. का निवडला असेल, ते सांगायला नको.

मग इस्पितळं तरी सुरक्षित होती का? मुळीच नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४०च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या दहाएक बायका सूतिकाज्वराने दगावत, सुइणींच्या विभागात तीन-चार. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने १८४७ साली कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. वरिष्ठांना ते पटलं नाही. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. त्याच वर्षी इकडे आनंदीबाईंचा जन्म झाला होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही एक कमी माहीत असलेला प्रसंग आहे. सुइणी तयार करण्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांच्या निधीतून एक प्रसूतिकक्ष चालवला जाई. तिथे सूतिकाज्वराचे बळी गेले तेव्हा तो कक्ष १८६७ साली बंद करण्यात आला. मग या बाईंनी ठिकठिकाणचे मृत्यूंचे आकडे जमवले आणि १८७१ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की त्या काळी इस्पितळापेक्षा घरीच बाळंतिणी कमी दगावत होत्या. जे काम हातात घेतलं होतं त्याचाच हिशेब असा उघडा मांडायला धैर्य लागतं.

आपल्याकडे १८८६ साली मुंबईत बायका-मुलांसाठी कामा इस्पितळ उघडलं. पण शुश्रूषेला हात कुठून आणायचे? रक्ताचा, विटाळाचा धंदा म्हणून घरंदाज बायका तिकडे फिरकत नसत. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानडे यांनी तिथल्या बायकांना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवाही होत्या. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ज्या बाईला बारशाच्या दिवशी पाळण्याजवळ येऊ देत नसत, तीच आता जन्मलेल्या बाळाला सगळ्यांत आधी हातात घेत होती. सोयर म्हणून ज्या बाळंतिणीला घरचे शिवत नसत, तिला ती स्वच्छ करत होती. या विषयावर व्याख्यानं पुष्कळ झाली असतील, पण त्या बायकांनी ते हातांनी करून दाखवलं.

पुढे जंतूंची ओळख पटली, इस्पितळं स्वच्छ झाली, आणि मग एक नवीनच गोष्ट झाली. जंतुसंसर्गाच्या भीतीने पाश्चात्य इस्पितळांनी बाळांना आईपासून उचलून काचेच्या खोलीत ओळीने ठेवलं. न्यूझीलंडच्या ट्रबी किंग या डॉक्टरने दर चार तासांनी घड्याळ बघून पाजण्याची शिस्त घालून दिली. अमेरिकेत १९४६ साली न्यू हेवनच्या इस्पितळात एडिथ जॅक्सन या बाईंनी बाळ आईच्याच खोलीत ठेवण्याचा प्रयोग सुरू केला, त्याचं तेव्हा केवढं अप्रूप! आपल्या आज्या हसल्या असत्या.

ही काचेची खोली मी स्वतः पाहिली आहे. १९७५ साली माझं पहिलं बाळंतपण एका इस्पितळात झालं. दर चार तासांनी बाळ आणून देत, पाजून झालं की परत नेत. मधल्या वेळात भिंतीपलीकडे कुणी रडलं की आम्ही सहाही जणी उठून बसायचो. आपलं की दुसरीचं, कळायला मार्ग नव्हता. रात्रपाळीची एक सिस्टर मात्र नियम वाकवून बाळ थोडा जास्त वेळ ठेवू द्यायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

समास पुन्हा जुळला तो गरिबीमुळे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात, म्हणून एडगर रे या डॉक्टरने कमी दिवसांची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारूसारखं! मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. आणि २०२१ साली भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतल्या इस्पितळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडचं इस्पितळ होतं दिल्लीचं सफदरजंग. एक ते १.८ किलो वजनाची बाळं थोडी स्थिर होण्याची वाट न बघता जन्मताच आईच्या छातीशी ठेवली, तर पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सुमारे १६ वरून १२ वर आलं. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणावी लागली. म्हणजे एका विभागात दोन रुग्ण, आणि नर्सला दोघांचीही विद्या हवी.

ती विद्या म्हणजे नेमकं काय? माझी एक विद्यार्थिनी सरकारी रुग्णालयात प्रसूतिपश्चात वॉर्डात सिस्टर आहे. तिने फोनवर समजावून सांगितलं. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे ना ते बघायचं, कारण ते सैल पडलं तर बाई बघता बघता रक्तस्रावाने जाते. नाडी, रक्तदाब, लघवी झाली का. त्याच वेळी बाळ गरम आहे ना, रंग गुलाबी आहे ना, तासाभरात छातीला लागलं ना. आणि सासूबाई मधाची बाटली घेऊन आल्या असतील तर त्यांचा मान राखून ती परत पिशवीत ठेवायला लावायची! “बाई, शेवटचं सगळ्यांत अवघड,” म्हणाली.

मग सहज विचारलं, किती खाटा गं तुझ्याकडे? “तीस. पण बाळाला वेगळी खाट नसते ना, म्हणून ड्यूटी लावताना तीसच धरतात. जीव साठ असतात.”

मी गप्पच झाले. इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, दोन्ही पदे प्रधान. तिथे हजेरीपत्रकात अजून एकच पद धरतात.

महाराष्ट्रात आता शंभरातली ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. घरी गेल्यावर सहा आठवडे आशाताई येऊन दोघांना बघून जाते. तिच्या या फेऱ्या २०११ पासून देशभर सुरू झाल्या. त्यामागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ करून दाखवलेलं काम आहे. हे सगळं खरं आणि आनंदाचं. पण मधले ते दोन दिवस आणि दोन रात्री त्या तीस खाटांच्या वॉर्डात जातात.

तेव्हा एक करा. पुढच्या वेळी पेढे घेऊन दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांना द्याच, पण रात्रपाळीच्या सिस्टरलाही आठवणीने द्या. आणि तिचं नाव विचारा.