तीन पेन्सचं पुस्तक आणि स्पिटलफील्ड्सचं दुकान

1649 साली लंडनमध्ये एक पुस्तक बाजारात आलं आणि शहरातले बडे डॉक्टर खवळले. त्याच वर्षी जानेवारीत इंग्रजांनी आपल्या राजाचं डोकं उडवलं होतं, त्यामुळे खवळायला इतर कारणं भरपूर होती. पण डॉक्टर चिडले ते औषधांच्या एका यादीवरून. ही यादी त्यांच्याच संस्थेने, कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, 1618मध्ये लॅटिनमध्ये छापली होती. कुणीतरी ती इंग्रजीत आणली होती. तो माणूस डॉक्टर नव्हता. शहराच्या तटाबाहेर जडीबुटीचं दुकान चालवणारा, उमेदवारीही पुरी न केलेला निकोलस कल्पेपर होता.

यात एवढं चिडण्यासारखं काय होतं ते कळायला तेव्हाची उतरंड बघावी लागते. सगळ्यात वर फिजिशियन. विद्यापीठात शिकलेला, लॅटिन बोलणारा, एका भेटीचे दहा शिलिंग घेणारा. मजुराच्या आठवड्याभराच्या मजुरीहूनही ही रक्कम जास्त होती. त्याच्याखाली अपॉथेकरी. आपल्या जुन्या पेठांमध्ये काष्ठौषधीची दुकानं असतात ना, बरण्या, खण, मुळ्यांचा वास, तसं दुकान चालवणारा. 1617पर्यंत हे लोक किराणा व्यापाऱ्यांच्याच संघात होते, मग त्यांचा वेगळा संघ झाला. त्यांनी फिजिशियनने लिहून दिलेलं औषध कुटायचं, गाळायचं, विकायचं. स्वतः रोग ओळखायचा नाही. आणि अगदी तळाशी चीपसाइडच्या बाजारात पाला, मुळ्या, फुलं घेऊन बसणाऱ्या बायका. अपॉथेकरींचा बराचसा कच्चा माल त्यांच्याच टोपल्यांतून यायचा. ज्ञान वरून खाली येतं अशी सगळ्यांची समजूत होती. झाडपाला मात्र खालून वर जात होता.

कल्पेपरचा जन्म 1616चा. वडील पाद्री, तो जन्मायच्या थोडे दिवस आधीच वारले. आईच्या वडिलांनी वाढवलं. तेही पाद्री आणि कडक स्वभावाचे. नातवाने धर्मोपदेशक व्हावं म्हणून त्यांनी त्याला केंब्रिजला पाठवलं. तिथे हा एका श्रीमंत मुलीच्या प्रेमात पडला. दोघं पळून जाऊन लग्न करणार होते, पण ठरलेल्या जागी येताना त्या मुलीवर वीज पडली, असं त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या चरित्रात सांगितलं आहे. सिनेमात घातलं तर आपण हसू. पण एवढं खरं की त्याचं केंब्रिज सुटलं, आजोबांचा वारसा गेला आणि 1634च्या सुमारास तो लंडनमध्ये एका अपॉथेकरीकडे उमेदवार म्हणून लागला. लॅटिन मात्र डोक्यात राहिलं. पुढे तेच कामाला आलं.

1640मध्ये त्याने ॲलिस फील्डशी लग्न केलं. ती 15 वर्षांची होती आणि तिच्या नावावर पैसे होते. त्या पैशातून स्पिटलफील्ड्सच्या रेड लायन स्ट्रीटवर घर उभं राहिलं. ॲलिसचं नाव या कथेत सहसा एका ओळीत उरकलं जातं, ते मला पटत नाही. कल्पेपर गरिबांना फुकट किंवा नाममात्र पैशात औषध देऊ शकला, कारण चूल तिच्या वारशावर पेटत होती. समाजसेवा करणाऱ्या दुकानाचा हिशेब कुणीतरी भरत असतो. इथे तो बायकोने भरला.

जागाही विचार करून निवडलेली वाटते. स्पिटलफील्ड्स शहराच्या तटाबाहेर. आजूबाजूला मोकळी शेतं, म्हणजे अर्धा माल पायी चालून आणता येणार. वस्ती कष्टकऱ्यांची. शहरातल्या संघांचा हात तिथवर सहज पोचत नव्हता. तरी ते प्रयत्न करत राहिले. त्याच्याबरोबर उमेदवारी केलेल्या सॅम्युअल लेडबेटरचं शहरात दुकान होतं. ‘या कल्पेपरला कामावर ठेवू नकोस’ अशी तंबी त्याला संघाने दिली. 1642मध्ये तर कल्पेपरवर चेटूक केल्याचा आरोप आला. त्यातून तो निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने न्यूबरीच्या लढाईत उतरला आणि गोळी लागून परतला. ती जखम त्याला पुरती कधीच सोडून गेली नाही.

दुकानात गर्दी असायची. एका सकाळी चाळीसपर्यंत रोगी तो बघत असे, असं सांगतात. बड्या डॉक्टरांकडे रोग्याऐवजी त्याच्या लघवीची बाटली पाठवायची रीत होती. कल्पेपरचा आग्रह असा की रोगी समोर हवा, त्याच्याशी बोलायला हवं. आणि बोलता बोलता त्याला सांगायचं, की हे झाड तुझ्या कुंपणाशीच उगवतं.

आता यादीकडे वळू. कॉलेजच्या त्या लॅटिन ग्रंथात औषधांची नावं होती, मापं होती, कृती होती. औषध कशावर द्यायचं, ते नव्हतं. ते फिजिशियनच्या डोक्यात. कल्पेपरने भाषांतर करताना प्रत्येक औषधाखाली हा उपयोग लिहून टाकला, वर टोमणेही मारले. टोमणे मारण्याजोगं बरंच होतं. मेलेल्या माणसाच्या कवटीवर उगवलेलं शेवाळ, विषारी सापाचं मांस, युनिकॉर्नचं शिंग, असली औषधं त्या यादीत मानाने बसली होती.

राजपक्षाच्या एका वार्तापत्राने लिहिलं की या माणसाने दोन वर्षं दारूच्या नशेत खपून चांगल्या ग्रंथाची खिचडी केली. कल्पेपरचं उत्तर तयार होतं: पाद्र्यांनी लॅटिनमध्ये बायबल कोंडून ठेवलं, डॉक्टरांनी औषध कोंडलं. ज्ञानेश्वरी ज्या भाषेत झाली त्या भाषेच्या माणसाला हा युक्तिवाद समजावून सांगायला नको. इंग्लंडमध्ये त्या वेळी वारंच तसं होतं. 1641मध्ये छपाईवरची जुनी बंधनं कोसळली होती. 1650मध्ये पार्लमेंटने कायद्याची पुस्तकंही इंग्रजीत आणायचा कायदा केला.

1652मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं. ‘द इंग्लिश फिजिशियन’, किंमत तीन पेन्स. परदेशी महागडं काही नाही, फक्त इंग्लंडमध्ये उगवणाऱ्या वनस्पती. झाड कसं दिसतं, कुठे सापडतं, कधी फुलतं, कशाला चालतं. बडीशेप वायू मोकळा करते आणि अंगावरचं दूध वाढवते, असं त्यात आहे. आपल्या कुठल्याही आजीने मान डोलावली असती. नेटल नावाची, लागली की अंगाची आग करणारी वनस्पती आहे. तिचं वर्णन कशाला करू, काळोख्या रात्रीही हाताला लागली की ओळखाल, असं तो गंमतीत म्हणतो. गिऱ्हाइकाशी बोलायची सवय असलेल्या दुकानदाराचं हे लिखाण आहे.

त्याच शहरात थोडं आधी थॉमस जॉन्सन नावाच्या अपॉथेकरीचं स्नो हिलवर दुकान होतं. 1633मध्ये त्याने दुकानात केळ्यांचा घड टांगला. लंडनकरांनी केळं कधी पाहिलं नव्हतं. तो उमेदवारांना घेऊन रानात भटकायचा, झाडं ओळखायला शिकवायचा. कल्पेपरहून तो कितीतरी काटेकोर वनस्पतिशास्त्रज्ञ होता. तो राजाच्या बाजूने लढला आणि 1644मध्ये गोळी लागूनच मेला. दोन दुकानदार, दोन बाजू. एकाने आपल्या धंद्यातल्या पोरांना शिकवलं, दुसऱ्याने गिऱ्हाइकांना. दुसऱ्याला शत्रू जास्त मिळाले, यात आश्चर्य नाही.

डॉक्टरांचा विरोध निव्वळ पोटासाठी होता असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. अर्धवट माहितीने माणसं विषबाधेने मरतील, ही भीती खोटी नव्हती. व्हॉट्सॲपवरचे काढे पाहिलेल्या आपल्याला ती चांगली कळते. शिवाय कल्पेपर स्वतःही पुष्कळ चुकला. प्रत्येक झाडावर त्याने एकेक ग्रह बसवला, ही मंगळाची, ती शुक्राची, आणि रोगही ग्रहांवरून ठरवले. त्याचं पुस्तक उघडून आज कुणी औषध घेऊ नये. पण त्याच्या विरोधकांची यादीही कवटीच्या शेवाळाचीच होती. फरक इतकाच की कल्पेपरची चूक कुणीही वाचून पकडू शकत होतं. लॅटिनमधली चूक पकडायला आधी दहा शिलिंगवाल्यांच्या रांगेत जावं लागायचं. मला हा फरक मोठा वाटतो.

त्याच्या सात मुलांपैकी एकच मुलगी जगली. 1651मध्ये त्याने सुईणींसाठी पुस्तक लिहिलं, त्यामागे हे दुःख असणार. तंबाखूचा नाद जबर होता, छातीत जखम मुरली होती, वर क्षय. 10 जानेवारी 1654 रोजी, 37व्या वर्षी, तो गेला. पुढे त्याच्या नावावर प्रकाशकांनी काय वाटेल ते छापलं. ॲलिस आणि एक भागीदार त्याच घरातून ‘पिण्याचं सोनं’ नावाचं सर्व रोगांवरचं औषध विकू लागले. कुंपणाशी उगवणाऱ्या औषधांचं दुकान सोन्यावर आलं. ॲलिसला दोष देववत नाही, तिला पदरच्या मुलीसह जगायचं होतं. पुस्तक मात्र थांबलं नाही. 1708मध्ये ते अमेरिकेत बॉस्टनला छापलं गेलं आणि आजही छापलं जातं.

पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून येणारी औषधी द्रव्यं बंद झाली, तेव्हा इंग्लंडला आपल्या रानाची पुन्हा आठवण झाली. मॉड ग्रीव्ह या बाईंनी आपल्या बागेत लोकांना औषधी वनस्पती लावायला, वाळवायला शिकवलं. 1927मध्ये हिल्डा लेयल यांनी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर जडीबुटीचं दुकान उघडलं आणि त्याला नाव दिलं ‘कल्पेपर’. ग्रीव्हबाईंची टिपणं संपादित करून त्यांनी 1931मध्ये वनस्पतींचा जाडजूड कोश छापवून घेतला. म्हणजे पुन्हा तेच: आधी दुकान, मग पुस्तक. पुन्हा विरोधही. 1941च्या औषध कायद्याने जडीबुटीवाल्यांना गिऱ्हाइकाला औषध देणं जवळपास अशक्य केलं. लेयलबाईंनी त्यातून वाट काढली. त्यांनी पूर्वीच काढलेल्या संस्थेचं सभासदत्व रोग्याने घ्यायचं, आणि सभासद म्हणून औषध न्यायचं.