ओआरएसची पुडी नेमक्या किती पाण्यात मिसळावी?

जुलाब सुरू झाले की डॉक्टर ओआरएस (जलसंजीवनी) द्यायला सांगतात. पुडी घरी येते, पण पाणी बहुतेक वेळा अंदाजानेच घेतले जाते. बाळ एवढे पाणी पिणार नाही म्हणून कोणी पेलाभर पाण्यात पूर्ण पुडी टाकतात, तर कोणी पुडी पुरवून वापरतात. या दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत.

पाण्याचे प्रमाण कसे ठरते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. तयार द्रावणात ग्लुकोज आणि सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रति लिटर असावे लागते. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात जाते.

आता अकरावीच्या रसायनशास्त्रातला हिशेब पाहा:

द्रावणाचे आकारमान = पदार्थाचे वजन ÷ (रेणुवस्तुमान × मोलॅरिटी)

ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० आहे. १३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल. हवी असलेली मोलॅरिटी ०.०७५, म्हणून ०.०७५ ÷ ०.०७५ = १ लिटर. लहान पुडीत ग्लुकोज २.७ ग्रॅम असते. तोच हिशेब केला की उत्तर ०.२ लिटर, म्हणजे २०० मिलिलिटर येते. हा हिशेब तुम्हाला घरी करायचा नाही. पुडीवर छापलेला आकडा याच हिशेबातून आलेला आहे, एवढे लक्षात ठेवा.

प्रमाण चुकले तर काय होते?

पाणी कमी पडले तर: १ लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये विरघळवली, तर सोडियम १५० मिलिमोल प्रति लिटर होते. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असते. असे घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढते, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. रक्तातील सोडियम वाढून लहान बाळाला झटकेही येऊ शकतात.

पाणी जास्त झाले तर: २ लिटरमध्ये सोडियम निम्मे होते. जुलाबावाटे गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

घरी कसे तयार कराल?

- पुडीवरचे प्रमाण आधी वाचा. सर्व पुड्या सारख्या नसतात.
- पाणी उकळून गार केलेले घ्या. द्रावण तयार झाल्यावर पुन्हा उकळू नका.
- पाणी मोजून घ्या. घरातले पेले लहानमोठे असतात. १ लिटरसाठी पाण्याची सीलबंद बाटली, तर २०० मिलिलिटरसाठी खुणा असलेली बाळाची दुधाची बाटली मापाला चालते.
- पूर्ण पुडी एकदम विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने काढू नका, कारण क्षार आणि साखर दोन्ही भागांत सारखे येतीलच असे नाही.
- त्यात साखर, मीठ, दूध, फळांचा रस किंवा शीतपेय घालू नका.
- झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.

किती द्यावे?

प्रत्येक पातळ शौचानंतर २ वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, आणि त्यापुढे हवे तेवढे द्या. चमच्याने थोडे थोडे पाजा. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करा. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार बंद करू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा जावे?

मूल सुस्त पडले, पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नसतील, ६ तासांत लघवी झाली नसेल, शौचातून रक्त पडत असेल, झटके आले किंवा उलट्या थांबत नसतील, तर घरी वाट पाहू नका. दवाखान्यात जाताना वाटेतही ओआरएस पाजणे चालू ठेवा. मात्र मूल शुद्धीवर नसेल किंवा झटके येत असतील, तर तोंडाने काहीही देऊ नका.