मेस्त्रे (गोवा)

मेस्त्रे (मूळ पोर्तुगीज संज्ञा: मेस्त्रे-कापेला) हे गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळेच्या संगीतशिक्षकाचे पारंपरिक पदनाम आहे. शाळेतील मुलांना स्वरलेखन व वाद्यवादन शिकवणे, चर्चचा गायकवृंद चालवणे आणि उत्सवाच्या वादकांचे नेतृत्व करणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असत. अमेरिकेतील माध्यमिक शाळांमध्ये बँडप्रमुखाचे स्वतंत्र पद असते. त्याला भारतात सर्वांत जवळचे असे हे पद म्हणता येईल. महाराष्ट्रातील अनेक शाळांत घोषपथकाची जबाबदारी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे असते.

उगम

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा जिंकल्यानंतर सोळाव्या शतकात चर्चच्या आश्रयाने गावोगावी शाळा निघाल्या. त्यांत अक्षरओळख व धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवले जाई. हेतू उघडच धार्मिक होता. उपासनेसाठी प्रशिक्षित गायक व वादक हवे होते. परिणाम मात्र चर्चच्या भिंतींपलीकडे गेला. लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाचू शकणारा एक वर्ग या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिला.

अध्यापन व कामाचे स्वरूप

शिक्षणाचा आरंभ 'सोल्फेज'ने, म्हणजे हाताने ताल मोजत स्वरांची नावे वाचून म्हणण्याच्या सरावाने होई. त्यात गती आल्यावरच विद्यार्थ्याच्या हाती वाद्य, बहुधा व्हायोलिन, येई. छापील स्वरलिपी सहज मिळत नसल्याने रचना हाताने उतरवून घेतल्या जात. शिस्त कडक असे.

वर्गाबाहेरचे काम वर्षभर पुरे. रविवारचा मिस्सा, घरोघरच्या 'लादाइन्य' या प्रार्थना, उपवासकाळातील 'मोतेत', लग्ने आणि अंत्ययात्रा या सर्वांना संगीत लागे. मोतेतच्या साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट व डबल बास असत. फेस्ताच्या पहाटे ब्रास बँड गावातून वाजत फिरे, त्याला 'आल्व्होराद' म्हणतात. अनेक मेस्त्रे स्वतः रचनाही करत, परंतु त्या बहुधा हस्तलिखितांतच राहिल्या.

विद्यार्थी व हिंदी चित्रपटसंगीत

गोव्यात संगीतावर पोट भरण्याच्या संधी मर्यादित असल्याने शिकलेली मुले मुंबईची वाट धरत. मुंबईची हॉटेले, जॅझ बँड आणि पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने आले. हिंदी चित्रपटांचे अनेक संगीतकार चाल कानाने बांधत व तोंडी सांगत. ती पंचवीस-तीस वादकांसाठी लिहून काढणे आणि वादकांनी ती लगेच वाजवणे ही वेगळी विद्या होती व ती मेस्त्रेच्या शाळेत मिळालेली असे. शंकर-जयकिशन यांचे संगीतसंयोजक सेबास्टियन डिसूझा आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे याच गोवन परंपरेतील. पडद्यावर नाव मात्र सामान्यतः संगीतकाराचे येई. संयोजकाचे क्वचित आणि त्याच्या गावातल्या शिक्षकाचे कधीच नाही.

अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष आहे. त्यांचे वडील माजोर्डा येथील चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते व मुलाचे पहिले शिक्षण त्यांच्याकडेच झाले. अँथनी 1943 मध्ये मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक झाले. वादन आणि संयोजन करत असतानाच ते वांद्र्याच्या घरी विद्यार्थ्यांना शिकवत. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. भारतीय रागांवर आधारलेल्या त्यांच्या वाद्यवृंदरचना सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सादर झाल्या व त्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. साठच्या दशकात ते अमेरिकेस गेले. परतल्यावर त्यांनी चित्रपटसृष्टीऐवजी माजोर्डा गाठले आणि तिथेच 18 जानेवारी 2012 रोजी त्यांचे निधन झाले. 'अमर अकबर अँथनी' (1977) चित्रपटातील नायकाच्या तोंडी आलेले त्यांचे नाव ही प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली आदरांजली होय. घराघरांत पोहोचलेले हे नाव एका हयात संगीतशिक्षकाचे आहे, हे बहुतेक श्रोत्यांच्या गावीही नव्हते.

उत्तरकाळ

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर शालेय शिक्षणाची व्यवस्था बदलली. मुले नव्या शाळांकडे वळली, तसे चर्चच्या संगीतशाळांचे महत्त्व घटले. पणजी येथील कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे विधिवत शिक्षण मिळते; तेथील विभागाच्या जडणघडणीत फादर लुर्दिनो बार्रेटो यांचा मोठा वाटा होता. फेस्ताला ब्रास बँड आजही वाजतो.