हातोड्यापासून ग्राइंडरपर्यंत : अवजारं बदलली, जखमाही बदलल्या

धायरी, नऱ्हे आणि नांदेड फाट्याच्या आसपास फॅब्रिकेशन, टर्निंग आणि सुतारकामाची कितीतरी छोटी वर्कशॉप आहेत. त्यामुळे इथल्या डॉक्टरला औषधांबरोबर अवजारांची नावंही ठाऊक असावी लागतात. हाताला जखम घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न असतो, ‘कशानं लागलं?’ छिन्नीची, ड्रिलची आणि ग्राइंडरची जखम एकसारखी नसते. असं का, हे अवजारांच्या इतिहासातून छान उलगडतं.

जोर हाताचा

आपल्या गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदार. सुताराकडे वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि भोक पाडायला सामता. लोहाराकडे ऐरण, घण, सांडशी आणि भाता. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. जोर माणसाच्या दंडातून यायचा, म्हणून हात थांबला की अवजारही थांबायचं. बोट कापायचं, अंगठा चेचायचा, वर्षानुवर्षांच्या कामानं खांदा आणि मनगट दुखायचं.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांनी 1700 मध्ये कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला ‘तुझा धंदा काय?’ हे विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, हा त्यांचा आग्रह. तो प्रश्न आम्ही आजही विचारतो.

जोर यंत्राचा

1800 च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लीनं लेथवर कापणारं हत्यार माणसाच्या मुठीतून काढून यंत्राच्या पकडीत घट्ट बसवलं. अचूकता वाढली, एकसारखे स्क्रू बनू लागले. पुण्यात 1854 मध्ये इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं. त्यातूनच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली.

त्या काळच्या कारखान्यांत सहसा एकच इंजिन छताखालचा लांब शाफ्ट फिरवायचं आणि पट्ट्यांनी तो जोर प्रत्येक यंत्रापर्यंत पोचायचा. आता हात थांबला तरी यंत्र थांबत नव्हतं. सदऱ्याची बाही किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात सापडला की माणूस ओढला जायचा. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानं धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालायला सांगितलं, पण 100 किंवा जास्त कामगार असतील तिथेच.

वीज मुठीत

जर्मनीतल्या फाइन कंपनीनं 1895 मध्ये हातात धरायचं विजेचं ड्रिल बनवलं. ब्लॅक अँड डेकरच्या पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलला 1917 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. 1954 मध्ये जर्मनीतच वेगवान अँगल ग्राइंडर आला. म्हणजे अवजार पुन्हा मुठीत आलं, पण जोर मात्र यंत्राचाच राहिला.

आता थोडं गणित करू. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं फिरते. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला आपल्याला साधारण पाव सेकंद लागतो, तेवढ्यात चाक 45 फेरे पुरे करतं. त्या वेगानं उडालेला कण पापणी मिटायच्या आत डोळ्यात पोचतो. ‘मी सावध असतो’ हे छिन्नीच्या बाबतीत पुरेल, ग्राइंडरच्या बाबतीत नाही.

कंपनांचा त्रास आणखी वेगळा. 1918 मध्ये अमेरिकेत डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणारे दगडकामगार तपासले. थंडीत त्यांची बोटं पांढरी आणि बधिर पडत होती.

कायदा कुठे थांबतो

ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली आली आणि 1948 च्या कायद्यानं ती विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी 10 कामगारांवर आणली. पण चार माणसांचं शेड आणि तुमच्या घरातलं ड्रिल सहसा तपासनीसाच्या नजरेत येतच नाही. तिथली काळजी आपणच घ्यायची :

- ग्राइंडरचं गार्ड काढू नका. चाकावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा.
- बाजूनं बंद असलेला चष्मा घाला. नंबरचा चष्मा पुरेसा नाही.
- लेथ आणि स्टँडवरच्या ड्रिलवर हातमोजे, सैल बाह्या, ओढणी नको. ते गुंडाळले जातात आणि हात आत ओढतात.
- डोळ्यात कण गेल्यास चोळू नका, रुमालाच्या टोकानं किंवा पिननं काढू नका. लोखंडाचा कण काही तासांतच बुबुळावर गंज सोडतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.
- जखम वाहत्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा. हळद, ग्रीस, चुना लावू नका. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, माती-धुळीत असतात. म्हणून चकचकीत पात्यानं कापलं तरी इंजेक्शनबद्दल विचारा.
- बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको. लगेच मोठं रुग्णालय गाठा.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा, त्यांनी विचारलं नाही तरी, तुम्ही काय काम करता आणि कोणतं अवजार वापरता ते सांगा. बोटांची बधिरता, कानातला आवाज, न जाणारा खोकला यांचं कारण कधी कधी तिथेच सापडतं.